रेड संचातील डेटा-पुनर्प्राप्ती

रेड संचातील डेटा-पुनर्प्राप्ती : अनेक डिस्क एकत्र जोडून उभारलेला साठवण-संच (रेड ॲरे) बंद पडल्यावर त्यातील डेटा परत मिळवण्याचे तंत्र. हे काम दुहेरी असते. आधी प्रत्येक डिस्कमधून जास्तीत जास्त सेक्टर वाचून काढावे लागतात. मग वेगवेगळ्या डिस्कवर विखुरलेल्या तुकड्यांचा मूळ क्रम शोधून संच आभासी रूपात पुन्हा उभा करावा लागतो. संच निकामी झाला म्हणजे डेटा पुसला गेला असे नव्हे. पुष्कळदा तुकडे जागच्या जागी असतात; त्यांचा क्रम सांगणारी नोंद तेवढी बिघडलेली असते. अशा वेळी डेटा कायमचा जातो तो मूळ बिघाडापेक्षा नंतरच्या घाईच्या दुरुस्तीमुळे. म्हणूनच मूळ डिस्कवर काहीही लिहायचे नाही, हा या तंत्राचा पहिला नियम आहे.

पूर्वपीठिका : उरलेल्या डिस्कवरून हरवलेल्या डिस्कचा डेटा गणिताने काढण्याची कल्पना रेड या नावाहून जुनी आहे. आयबीएममधील नॉर्मन केन औची यांना निकामी स्मृती-एककातील डेटा परत मिळवण्याच्या पद्धतीबद्दल १९७८ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी सिग्मॉड परिषदेत आपला प्रसिद्ध निबंध मांडला. मोठ्या संगणकांच्या एका महागड्या डिस्कऐवजी वैयक्तिक संगणकांच्या अनेक स्वस्त डिस्क वापराव्यात, असा त्यांचा प्रस्ताव होता. डिस्कची संख्या वाढली की त्यांतली एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते. त्यावर उतारा म्हणून त्यांनी जादा माहिती साठवण्याचे पाच स्तर वर्णन केले. रेड ० आणि रेड ६ ही नावे पुढे रूढ झाली.

स्तर आणि पॅरिटीचे गणित : रेड ० मध्ये डेटाचे तुकडे आळीपाळीने सर्व डिस्कवर लिहिले जातात आणि जादा माहिती मुळीच नसते. एक डिस्क पूर्ण गेली तर तिच्यावरचे तुकडे गणिताने परत येत नाहीत. रेड १ मध्ये दोन डिस्कवर एकसारखी प्रत असते. रेड १० मध्ये अशा जोड्यांवर तुकडे पसरलेले असतात, त्यामुळे एकाच जोडीतील दोन्ही डिस्क गेल्या तरच पेच पडतो.

रेड ५ मध्ये प्रत्येक पट्ट्यातील (स्ट्राइपमधील) एक तुकडा पॅरिटीचा असतो. तो इतर तुकड्यांवर ‘एक्सॉर’ ही क्रिया करून मिळतो. एका डिस्कवर १०११ आणि दुसरीवर ०११० असेल, तर पॅरिटी ११०१ येते. दुसरी डिस्क गेली तर १०११ आणि ११०१ यांवर तीच क्रिया करून ०११० परत मिळते. कोणतीही एक डिस्क अशी भरून काढता येते. दोन हरवल्या तर समीकरण एक आणि अज्ञाते दोन अशी स्थिती होते. रेड ६ मध्ये दुसरे, स्वतंत्र समीकरण असते. ते सांत क्षेत्राच्या अंकगणितावर, म्हणजे रीड-सॉलोमन संकेतनावर आधारलेले असल्याने दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो.

पॅरिटी एकाच डिस्कवर न ठेवता पट्ट्यागणिक पुढच्या किंवा मागच्या डिस्कवर सरकवली जाते. या सरकण्याच्या चार प्रचलित पद्धती आहेत : डावी सममित, डावी असममित, उजवी सममित आणि उजवी असममित. लिनक्सच्या एमडी या सॉफ्टवेअर-रेडमध्ये डावी सममित ही रेड ५ ची मूळ निवड आहे. पद्धत, डिस्कचा क्रम, तुकड्याचा (चंकचा) आकार आणि डेटा कोणत्या सेक्टरपासून सुरू होतो तो बिंदू, या चार गोष्टी मिळून संचाची ‘भूमिती’ ठरते. पुनर्प्राप्तीचे बरेचसे काम ही भूमिती ओळखण्यात जाते.

बिघाडाची कारणे : संचातील डिस्क एकमेकींशी संबंध न ठेवता स्वतंत्रपणे बिघडतात, असे विश्वासार्हतेच्या साध्या हिशेबात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात त्या बहुधा एकाच वेळी, एकाच खेपेतून घेतलेल्या असतात. एकाच पेटीत, एकाच तापमानाला आणि एकाच वीजपुरवठ्यावर त्या चालतात. बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे १ लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. उत्पादकांच्या पत्रकांवरून वर्षाला ०.५८ ते ०.८८ टक्के डिस्क बिघडाव्यात असे निघत होते. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागल्या आणि काही ठिकाणी हे प्रमाण १३ टक्क्यांपर्यंत गेले. डिस्कचे बिघाड परस्परांपासून स्वतंत्र नसतात, असेही त्या अभ्यासात दिसले.

सुप्त खराब सेक्टर हे दुसरे कारण. क्वचितच उघडल्या जाणाऱ्या फाइलीखालचा सेक्टर खराब झाला तरी वाचायची वेळ येईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. नेटॲपच्या साठवण-यंत्रणांतील १५.३ लाख डिस्कच्या ३२ महिन्यांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३.४५ टक्के डिस्कमध्ये असे सेक्टर आढळले. रेड ५ मधील एक डिस्क गेली की नवी डिस्क भरण्यासाठी (रिबिल्डसाठी) उरलेल्या सर्व डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात आणि सुप्त दोष नेमका तेव्हाच उघडा पडतो. घरगुती डिस्कच्या पत्रकावर १०^१४ बिट वाचताना फार तर एक चूक होईल असे लिहिलेले असते. १०^१४ बिट म्हणजे १२.५ टेराबाइट. ८ टेराबाइटच्या चार डिस्कचा रेड ५ भरताना २४ टेराबाइट वाचावे लागतात. पत्रकातला आकडा ही वरची मर्यादा असल्याने रिबिल्ड हटकून फसतोच असे नाही; धोका मात्र दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. वेळही बराच लागतो. १८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगाने अखंड भरली तरी २५ तास जातात.

काही वेळा धडधाकट डिस्कही संचाबाहेर फेकली जाते. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचण्यासाठी मिनिटभरही झटत राहू शकते. लिनक्सची प्रतीक्षा-मर्यादा मात्र सामान्यतः ३० सेकंदांची असते. तेवढ्यात उत्तर आले नाही की प्रणाली डिस्कशी जोडणी नव्याने करू पाहते आणि त्या खटाटोपात डिस्क मेली असे ठरून जाते. रेडसाठी बनवलेल्या डिस्क म्हणूनच साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडून चूक कळवतात. एकमेकींवर चढणाऱ्या चुंबकीय पट्ट्यांच्या (एसएमआर) डिस्कही रिबिल्डमध्ये अडचणीच्या ठरतात, कारण सलग मोठे लेखन त्यांना झेपत नाही. २०२० मध्ये नॅससाठी (जाळ्याला जोडलेल्या साठवण-पेट्यांसाठी) विकल्या जाणाऱ्या काही डिस्क या प्रकारच्या असल्याचे उघड झाले, तेव्हा मोठा गदारोळ झाला होता.

याखेरीज कंट्रोलर जळणे, फर्मवेअरमधील दोष, आणि डेटा लिहून झाला पण पॅरिटी लिहायच्या आत वीज गेली अशी ‘राइट होल’ नावाची विसंगती, ही कारणे आहेत. चुकीच्या खणातील डिस्क ओढून काढणे हा मानवी प्रमादही वरचेवर घडतो.

पहिली दक्षता : संच ‘डिग्रेडेड’ किंवा ‘फेल्ड’ दिसताच लेखन थांबवावे, शक्य तर यंत्र बंद करावे आणि कोणती डिस्क कोणत्या खणात होती हे लिहून ठेवूनच ती बाहेर काढावी. डेटाची दुसरी प्रत नसेल तर रिबिल्ड सुरू करू नये. हार्डवेअर कंट्रोलर अनोळखी डिस्क दिसल्यावर ‘फॉरिन कॉन्फिगरेशन’ असा संदेश देतो. तेथे ‘क्लिअर’ निवडल्यास संचाची नोंद पुसली जाते. ‘इनिशियलाइझ’ तर डेटावरच शून्ये लिहू शकते. लिनक्सवर एमडी हाताळणाऱ्या एमडीएडीएम या कार्यक्रमाची ‘क्रिएट’ आज्ञा जुन्या संचावर चालवली की नवा सुपरब्लॉक (डिस्कवरील संचाची नोंद) लिहिला जातो. क्रम किंवा सुरुवातीचा बिंदू चुकलेला असेल तर लगोलग सुरू होणारे समक्रमण चुकीची माहिती मूळ डेटावर चढवते. बिघडलेल्या संचावर फाइलप्रणाली-दुरुस्तीचा चेकडिस्क किंवा एफएससीके चालवणे तितकेच घातक आहे. भूमिती चुकलेली असताना हे कार्यक्रम अचूक नोंदींनाही चूक समजून ‘सुधारतात’.

प्रतिमा घेणे : प्रत्येक डिस्कची सेक्टर-दर-सेक्टर प्रतिमा (इमेज) घेतली जाते आणि पुढचे सारे काम प्रतिमांवर चालते. अंतोनिओ दियास दियास यांनी लिहिलेला ग्नू डीडीरेस्क्यू हा मुक्त कार्यक्रम त्यासाठी फार वापरला जातो. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो आणि अडणारे पट्टे मागे ठेवून शेवटी त्यांच्याकडे वळतो. काय वाचले आणि काय राहिले याची नोंद तो नकाशा-फाइलीत ठेवतो, त्यामुळे काम मध्येच थांबले तरी तेथूनच पुढे नेता येते. व्यावसायिक प्रयोगशाळांत रशियातील एसीई लॅबचे पीसी-३००० यासारखी उपकरणे असतात. त्यांतून डिस्कच्या फर्मवेअरशी थेट बोलता येते आणि एखादे हेड बंद ठेवून बाकीच्यांनी वाचता येते.

डिस्क टकटक असा आवाज करत असेल तर ती पुन्हा चालू करू नये. वाचन-हेड चकतीपासून काही नॅनोमीटरवरून फिरते. तुटलेले हेड चकतीचा चुंबकीय थर खरवडून काढते. हेड बदलण्याचे काम धूळमुक्त कक्षात, त्याच मॉडेलच्या दाता-डिस्कचे भाग वापरून होते. सर्किट-बोर्ड जळला असेल तर दुसरा नुसता जोडून भागत नाही. त्या डिस्कपुरती मोजून ठेवलेली समायोजने बोर्डावरील रॉम चिपमध्ये असतात, म्हणून ती चिप किंवा तिच्यातील मजकूर नव्या बोर्डावर न्यावा लागतो.

भूमिती ओळखणे : संचाची माहिती डिस्कवरच नोंदलेली असेल तर काम सोपे होते. लिनक्स एमडीच्या १.२ आवृत्तीचा सुपरब्लॉक सुरुवातीपासून ४ किलोबाइटवर असतो. काही हार्डवेअर कंट्रोलर आपली नोंद डिस्कच्या शेवटी ठेवतात. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप यांच्या नॅस पेट्यांत बहुधा लिनक्स एमडीच असते, त्यामुळे पेटी जळाली तरी तिच्या डिस्क साध्या लिनक्स संगणकावर वाचता येतात.

सुपरब्लॉकमधील ‘इव्हेंट काउंट’ हा आकडा विशेष मोलाचा असतो. संचाची स्थिती बदलली की तो वाढतो. बाहेर पडलेल्या डिस्कचा आकडा मात्र आहे तेथेच थांबतो. दोन डिस्क गेल्याचे दिसत असेल, तर त्यांतली एक बऱ्याच दिवसांपूर्वी पडली आणि दुसरीमुळे आज संच बसला, असे अनेकदा निघते. आधी पडलेली शिळी डिस्क जुळणीत घेतली तर जुना आणि नवा मजकूर एकत्र होऊन फाइली नासतात. ती बाजूला ठेवून शेवटी पडलेल्या डिस्कची प्रतिमा घ्यायची असते.

नोंद पुसली गेली असल्यास डेटाच्या अंतर्गत खुणा शोधतात. विंडोजच्या एनटीएफएस या फाइलप्रणालीतील फाइल-नोंदी सामान्यतः १,०२४ बाइटच्या असतात आणि त्यांना अनुक्रमांक असतात. हे क्रमांक कोठे तुटून दुसऱ्या कोणत्या डिस्कवर पुढे चालू होतात, यावरून चंकचा आकार आणि डिस्कचा क्रम कळतो. सर्व डिस्कवरील समान जागांचे एक्सॉर शून्य येत असेल तर रेड ५ चे सर्व सदस्य हजर आणि ताजे आहेत असे समजते. जेथून शून्य येणे थांबते तेथे शिळी डिस्क किंवा अपुरे राहिलेले लेखन असते. केवळ अंदाजाने शोधायचे तर शक्यता झपाट्याने वाढतात. सहा डिस्कचे ७२० क्रम, चार पद्धती आणि चंकचे आठ आकार धरले तर २३,०४० जुळण्या होतात. आर-स्टुडिओ, यूएफएस एक्सप्लोरर, रिक्लेमी ही सॉफ्टवेअर हा शोध बऱ्याच अंशी आपोआप करतात.

पडताळणी : फोल्डरांची यादी दिसली म्हणजे जुळणी बरोबर ठरत नाही. एका चंकमध्ये मावणारी छोटी फाइल डिस्कचा क्रम चुकलेला असतानाही उघडू शकते. रेड ५ मध्ये चार डिस्क आणि ६४ किलोबाइटचा चंक असेल तर पूर्ण पट्ट्यात १९२ किलोबाइट डेटा असतो. त्याहून कितीतरी मोठी छायाचित्रे, झिप फाइली आणि डेटाबेस उघडून, शक्य तेथे चेकसम जुळवून खात्री करावी लागते. लिनक्सवर ही चाचणी डिव्हाइस-मॅपरच्या स्नॅपशॉटवर केली जाते. होणारे लेखन त्यात वेगळ्या फाइलीत जाते आणि प्रतिमेला धक्का लागत नाही, त्यामुळे चुकलेली जुळणी टाकून देऊन दुसरी लावून पाहता येते.

मर्यादा : चकतीचा खरवडलेला थर, एकदा वर लिहिला गेलेला सेक्टर आणि किल्ली हरवलेला कूटबद्ध संच यांवर इलाज नाही. एसएसडीमध्ये ट्रिम आज्ञेनंतर मोकळे केलेले ब्लॉक सामान्यतः शून्ये दाखवतात, म्हणून पुसलेली फाइल तेथून क्वचितच मिळते. झेडएफएस या फाइलप्रणालीच्या रेड-रचनेत तुकड्यांची लांबी बदलती असते आणि चेकसम फाइलप्रणालीतच असतात. रेड ५ ची भूमिती शोधण्याची साधी पद्धत तेथे लागू पडत नाही. राइट होलचा प्रश्नही त्या रचनेत उद्भवत नाही.

किंग्ज कॉलेजची घटना : १७ ऑक्टोबर २०१६ रोजी लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील एका थ्रीपार साठवण-यंत्रणेचा एक कंट्रोलर बिघडला. अशा एका बिघाडाने काम अडू नये अशीच तिची रचना होती. परंतु सुटा भाग बदलल्यावर फर्मवेअरमधील दोषामुळे संपूर्ण यंत्रणा कोसळली. सेवा पूर्ववत व्हायला अनेक आठवडे लागले आणि काही डेटा परत मिळालाच नाही. नंतरच्या चौकशीत असे दिसले की काही सामायिक फोल्डरांच्या टेप-प्रती क्षमता अपुरी असल्याने घेतल्या जात नव्हत्या आणि त्यातला धोका संस्थेला कळवलेला नव्हता.

कायदेशीर बाजू : तपासासाठी जप्त केलेल्या संचात प्रत्येक डिस्कचे आणि प्रतिमेचे हॅश मूल्य नोंदवतात. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधील कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य नमूद करावे लागते. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. रुग्णालय, पतसंस्था किंवा महाविद्यालय आपल्या डिस्क खासगी प्रयोगशाळेकडे देते तेव्हा त्यांवरील व्यक्तिगत माहितीही बाहेर जाते. गोपनीयतेचा करार आणि काम संपल्यावर प्रती नष्ट केल्याची लेखी हमी ही त्यामुळे व्यवहाराचाच भाग ठरते.

प्रतिबंध : महिन्यातून एकदा तरी संपूर्ण संच वाचून तपासणे (स्क्रबिंग) हा सुप्त दोषांवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. बिघाडाची सूचना ई-मेलने मिळण्याची सोय, मोठ्या डिस्कसाठी रेड ६ किंवा रेड १०, आणि संचाच्या भूमितीची दुसरीकडे ठेवलेली नोंद यांचाही उपयोग होतो. मात्र रेड हा बॅकअप नव्हे. रेडमुळे डिस्क गेली तरी काम चालू राहते. चुकून पुसलेली फाइल, खंडणीखोर व्हायरस, आग किंवा कंट्रोलरचा दोष यांपासून तो संरक्षण देत नाही, कारण चुकीचे लेखनही तो तितक्याच इमानाने सर्व डिस्कवर पोचवतो. वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या जागी असलेली आणि अधूनमधून परत उतरवून पाहिलेली प्रत हाच खरा बॅकअप. ती असेल तर बिघडलेल्या संचातून डेटा काढण्याची गरज सहसा पडत नाही.