सिलिंडर दारात कसा आला?

आज आपण गॅसवाल्या भावाबद्दल बोलू. आर्णीत सकाळी गल्लीच्या तोंडाशी सिलिंडर उतरल्याचा ठणठण आवाज आला की आपण हातातलं पीठ झटकून गॅसचं पुस्तक शोधायला धावतो. हा आवाज आपल्या आईच्या दारात नव्हता.

आपला मुलूख कापसाचा आणि तुरीचा. वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटायच्या, तुराट्यांचे भारे बांधायचे, गोवऱ्या थापायच्या. वर्षभराचं सरपण जमवणं हे बाईचं काम. त्याची मजुरी कोणी मोजली नाही. पावसाळ्यात ओलं लाकूड फुंकता फुंकता डोळ्यांना धार लागायची.

मुंबईत मात्र १९५५ मध्येच बर्मा शेल या परदेशी कंपनीनं घरगुती गॅस विकायला सुरुवात केली होती. १९६५ मध्ये इंडियन ऑइलनं कलकत्त्यात इंडेन गॅसचं पहिलं कनेक्शन दिलं. १९७६ मध्ये बर्मा शेल सरकारनं ताब्यात घेतली आणि तिची भारत पेट्रोलियम झाली. तरी गॅस शहराचाच राहिला. तिथंही नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. खासदारांच्या कोट्यातलं कूपन मिळालं तर नशीब!

खेड्यांसाठी लहान एजन्सी द्यायची योजना २००९ मध्ये आली. १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलियातून उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरात कनेक्शन बाईच्या नावावर आलं. त्यातलं आठ कोटीवं कनेक्शन ७ सप्टेंबर २०१९ ला आपल्याच राज्यात, तेव्हाच्या औरंगाबादला, बचत गटांच्या मेळाव्यात दिलं गेलं.

योजना कागदावर येते, पण सिलिंडर कोणाच्या तरी खांद्यावर येतो. आत गॅस १४.२ किलो, लोखंड साधारण तितकंच किंवा थोडं जास्त. म्हणजे तीस किलोचं ओझं. वैशाखाच्या उन्हात असे सिलिंडर दिवसभर चढवायचे आणि उतरवायचे. या भावाला पाण्याचा तांब्या द्यावा, ही आपली रीत आहे.

पण रीत वेगळी आणि हिशोब वेगळा. पावतीवरच्या किमतीत घरपोच आणून देण्याचा खर्च धरलेला असतो. तरी वरचे वीस-तीस रुपये मागितले की आम्हीही कित्येक वर्षं मुकाट्यानं देत आलो. त्या भावाची मजुरी पुरत नसेल, तर ती एजन्सीनं वाढवावी. ती तूट आपल्या कनवटीतून भरायची नाही. गोदामातून सिलिंडर आपणच आणला, तर तेवढी रक्कम पावतीतून कमी व्हायला हवी.

आणखी तीन गोष्टी पाहा. सील तपासा. वजन करून मागा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच कोरलेलं असतं, त्यात १४.२ मिळवा. कड्याजवळच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. ती मुदत उलटली असेल तर सिलिंडर परत करा. गॅसचा वास आला तर विजेचं बटण दाबू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन लावा.

शेवटचं, आणि मनाला लागणारं. किती तरी घरांत सिलिंडर रिकामा होऊन खाटेखाली पडलाय आणि चूल पुन्हा पेटलीय. २०२४ मध्ये राज्यानं अन्नपूर्णा योजनेत पात्र बहिणींना वर्षाला तीन सिलिंडर मोफत जाहीर केले. पण तीन सिलिंडरवर बारा महिने निघत नाहीत. म्हणून गटाच्या बैठकीत एक प्रश्न दर महिन्याला विचारू या: कोणाचा सिलिंडर रिकामा आहे? बी-बियाण्याला, दवाखान्याला आपण गटातून उसने देतोच. मग आपल्याच डोळ्यांतल्या धुरासाठी का नाही?