तारेचा पीळ

दादाच्या द्राक्षबागेत मातीची ओल मोजणारी अकरा छोटी यंत्रे मी बसवली. शेवटचे यंत्र घरापासून दोनशे मीटरवर होते. घरच्या टेबलावर सारे सुरळीत चालले होते. बागेत मात्र विहिरीवरचा पंप सुरू झाला की आकडे बिघडायचे. आधी प्रोग्रॅम तपासला, मग संगणकाला लावायचा अ‍ॅडॅप्टर बदलला. दोष निघाला तारेत. हाताशी होत्या म्हणून मी दोन सुट्या तारा ओढल्या होत्या. त्या चुकीचा माग काढत मी एकोणिसाव्या शतकात जाऊन पोचलो.

१८३८ मध्ये म्युनिकच्या कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइलने दाखवून दिले, की तारायंत्राची परतीची तार काढून तिचे काम जमिनीवर सोपवता येते. निम्मी तार वाचली. पुढे टेलिफोननेही हीच काटकसर उचलली. पण तारायंत्राला जो गोंगाट चालून जात होता, तो माणसाच्या बोलण्याला चालेना. शेजारच्या तारायंत्राची टकटक कानात येई. विजेच्या ट्राम आल्यावर खरखर असह्य झाली. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये पेटंट घेतले, ते दोन तारा एकमेकींभोवती पिळण्याचे. पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच बसतो. दोहोंतला फरक तेवढा ऐकला, की तो आपोआप वजा होतो.

संगणकाच्या जगाला हे शहाणपण पुन्हा शिकावे लागले. १९६० च्या आरएस-२३२ मध्ये प्रत्येक संदेशाची तार सामायिक जमिनीच्या तुलनेत मोजली जाते. संगणकाशेजारच्या मोडेमला ते पुरेसे होते. फिलिप्सची १९८२ ची आय-टू-सी पद्धत तर एकाच पाटीवरच्या चिपांसाठी होती. १९८३ च्या आरएस-४८५ ने बेलची जोडी स्वीकारली: एका ओळीत बत्तीस साधी यंत्रे, आणि कमी वेगात सुमारे १२०० मीटरचा पल्ला.

माझा अ‍ॅडॅप्टर आरएस-४८५ चाच होता. त्याच्या दोन्ही टोकांमधला फरक ऐकण्याचे काम तो करीत होता. पण सुट्या तारांवर गोंगाटच सारखा बसत नव्हता.

मग पिळाची केबल आणली. फांद्या काढून टाकल्या आणि यंत्रे एका ओळीत जोडली. ओळीच्या दोन टोकांना, फक्त दोनच टोकांना, १२० ओहमचे रोध लावले, म्हणजे संदेश टोकावर आपटून मागे फिरत नाही. तिसरी, जमिनीची तारही ओढली. कारण या चिपा उणे सात ते अधिक बारा व्होल्टपर्यंतचीच तफावत सोसतात. आणि एक खोच: ‘ए’ आणि ‘बी’ या खुणा मूळ मानकात एका अर्थाने, तर बहुतेक चिपांवर उलट अर्थाने येतात. उत्तर आले नाही, तर घाबरू नये. दोन तारांची अदलाबदल करून पाहावी.

परवा संध्याकाळी दादाने पंप लावला. मी पडद्याकडे पाहत होतो. आकडे हलले नाहीत. दादा म्हणाला, “आता पाणी कुठल्या ओळीला सोडू, ते सांग.” बेलच्या पिळाचे मोल मला त्या प्रश्नात समजले.