मुंबई वगळून, गोव्यासह

माझी थोरली मावशी मुंबईच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. निवृत्तीला कितीतरी वर्षे झाली, तरी फोनवर कुणी लांबण लावली की ती अजून मनगटाकडे बघते. ट्रंक कॉलचा हिशोब तीन-तीन मिनिटांनी व्हायचा, ते तिच्या अंगात मुरले आहे.

‘‘ऑर्डिनरी लावलास की खुशाल जेवून झोपून उठ,’’ ती सांगते. ‘‘अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. लाइटनिंग आला की आम्ही मुली गप्पच व्हायचो. बहुतेक वेळा कुणीतरी गेलेलं असायचं.’’ समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोरीची पिन, कानाला हेडफोन, आणि प्रत्येक कॉलमागे एक चिठ्ठी. कुठून, कुठे, कोणत्या वर्गाचा, सुरू किती वाजता, संपला किती वाजता. बिल निघायचे ते त्या पेन्सिलीच्या आकड्यांवरून. आमच्या सावंतवाडीकडे सरळ लाइन मिळणे कठीण. मधल्या गावच्या ऑपरेटरला गोड बोलून पुढची मागायची. ‘‘कोल्हापूरची एक बाई होती, तिचं तोंड मी जन्मात पाहिलं नाही,’’ मावशी म्हणते, ‘‘पण तिला सर्दी झालेली मला कळायची.’’

आमच्या गावातला एकुलता एक फोन पोस्टात. आजोबा निरोप मिळाला की धोतर सावरत तिथे जायचे आणि फोनात एवढ्या मोठ्याने ओरडायचे, की पोस्टमास्तर म्हणे, ‘‘तात्यानू, फोनाची गरज काय, तशेच ओरडा.’’ एक मिनिट ‘हॅलो हॅलो’त, एक ‘जेवलस मा?’मध्ये, आणि तिसऱ्यात दोघेही गप्प.

आजोबांना सरकारचा राग एकाच गोष्टीचा होता : रेडिओचे लायसन्स. घरातला रेडिओ ऐकायलाही दरवर्षी पोस्टात पैसे भरून पुस्तकावर शिक्का घ्यावा लागे. ‘‘वारोसुद्धा सरकारचो!’’ ते म्हणत. हसण्यावारी नेलेले हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने मात्र बरोबर होते. 1885च्या तार कायद्याने संदेशवहनाचा हक्क सरकारकडे ठेवला होता. इतरांनी करायचे ते परवान्याने. रेडिओच्या पुस्तकापासून मोबाइलच्या परवान्यापर्यंत सगळे त्या एका इंग्रजी अमदानीतल्या कायद्याच्या वळचणीला उभे राहिले. आजोबांच्या त्या वाऱ्याला आता स्पेक्ट्रम म्हणतात, आणि त्याचा लिलाव होतो.

पण मला सांगायचे आहे ते नकाशाचे.

1 एप्रिल 1986 रोजी मुंबई आणि दिल्लीच्या टेलिफोनसाठी महानगर टेलिफोन निगम निघाले. मावशीच्या बोलण्यात तेव्हापासून ‘आमची मुंबई वेगळी झाली’ हे वाक्य आले. पुढे मोबाइलचे परवाने वाटायची वेळ आली तेव्हा चार महानगरांचा विचार आधी झाला, बाकी देशाची सर्कल पाडली गेली नंतर. त्यात महाराष्ट्र सर्कल ठरले ते मुंबई वगळून, गोव्यासह. ज्या मुंबईसाठी 1960 पूर्वी शंभरावर माणसांनी जीव दिला, ती दूरसंचार खात्याने कागदावर अलग केली. आणि ज्या गोव्याने 1967च्या जनमत कौलात विलीनीकरण नाकारले, त्याला कुणालाही न विचारता आपल्यात घातले. यावर ना मोर्चा निघाला, ना अग्रलेख गाजला.

कोकणी माणसाला याची झळ नेमकी बसली. आमचा मामा 90च्या दशकाच्या अखेरीस मोबाइल घेऊन गणपतीला निघायचा. मुंबईची हद्द सरली की रोमिंग, म्हणून तो गाडीतच फोन बंद करून बॅगेत टाकी. तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत. सुरुवातीला तर केलेल्या फोनचा दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात होता. इकडे सावंतवाडीचा मोबाइलवाला पणजीत जाऊन आला तरी घरचाच. मुलगा परळला, आईबाप सिंधुदुर्गात, हे ज्या जिल्ह्याचे जगणे, त्याच्या मधोमध ती रेघ पडली होती.

ट्राय ही नियामक संस्था 1997ची. फोन करणाऱ्यानेच पैसे द्यावेत, हा नियम तिने 1999मध्ये आणू पाहिला. दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. शेवटी 1 मे 2003 पासून येणारे फोन फुकट झाले. योगायोगाने महाराष्ट्र दिनीच! माझ्या मते आमच्या घरात टूजी, थ्रीजी, फोरजी यांतल्या कशानेही झाला नाही एवढा फरक त्या एका नियमाने झाला. आजी तेव्हापासून मोबाइलला हात लावू लागली. आलेला फोन घ्यायचा, आपण लावायचा नाही, हे तिचे धोरण शेवटपर्यंत टिकले.

फाइव्हजी 1 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाले. पहिल्या शहरांत मुंबई होती, नागपूर होते. त्याआधीच्या लिलावात सरकारला दीड लाख कोटींच्या बोली मिळाल्या, त्या 22 सर्कलनुसार. म्हणजे मुंबई आणि महाराष्ट्र पुन्हा वेगळे. ग्राहकाचे रोमिंग गेले, खात्याची रेघ राहिली. आता 2023चा दूरसंचार कायदा 1885च्या तार कायद्याची जागा टप्प्याटप्प्याने घेतो आहे, पण सर्कल तीच. नेटवर्क पोहोचल्याचा सर्कलचा आकडा पुण्यानाशकाच्या जोरावर फुगतो आणि घाटाखालची वाडी त्यात दिसत नाही, ही माझी तक्रार आहे. आमच्या परड्यात आजही रेंजसाठी फणसाच्या बुंध्याशी जावे लागते.

ट्रायच्या 2024च्या सेवा-दर्जा नियमांनुसार कंपन्यांना कुठे कोणते नेटवर्क पोहोचते याचे नकाशे आपल्या संकेतस्थळावर द्यावे लागतात. ते उघडा, आपली वाडी शोधा, आणि रंग भरलेल्या जागी फोन लागतो का ते स्वतः पाहा. लागत नसेल तर तक्रार लेखी करा. ट्राय नियम करण्यापूर्वी मसुदे लोकांपुढे ठेवते. 2015मध्ये इंटरनेटच्या समान वागणुकीसाठी लाखो लोकांनी ईमेल पाठवले, आणि फेब्रुवारी 2016मध्ये वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळे दर लावण्यावर बंदी आली. पुढच्या मसुद्यांवर जाणाऱ्या पत्रांत कोकणातल्या वाड्यांचीही नावे दिसू देत.