शिकागोचे विश्वप्रदर्शन

कोलंबसाच्या अमेरिका-प्रवासाच्या चारशेव्या वर्षपूर्तीनिमित्त अमेरिकेतील शिकागो येथे भरलेले जागतिक प्रदर्शन (1 मे ते 30 ऑक्टोबर 1893). वर्षपूर्ती 1892 मध्ये होती. प्रदर्शन मात्र वर्षभर उशिरा खुले झाले. मिशिगन सरोवराच्या काठी सुमारे 690 एकरांवर डॅनियल बर्नहॅम यांच्या देखरेखीखाली शुभ्र इमारती उभारण्यात आल्या. प्रदर्शनाला सुमारे 2.7 कोटी लोकांनी भेट दिली.

जॉर्ज फेरिस या अभियंत्याने बांधलेला सुमारे 80 मीटर उंचीचा पोलादी पाळणा हे मुख्य आकर्षण होते. त्याच्या 36 डब्यांत एका वेळी 2,160 माणसे बसत. हाताने फिरवायचे लाकडी पाळणे आशियात त्याआधीही होते. मात्र साताऱ्यातील पुसेगावच्या सेवागिरी यात्रेसारख्या यात्रांत उभा राहणारा यांत्रिक आकाशपाळणा फेरिस यांच्या कल्पनेचा वारसा चालवतो.

प्रदर्शनानिमित्त भरलेल्या सर्वधर्म परिषदेत (11 ते 27 सप्टेंबर) स्वामी विवेकानंदांप्रमाणेच मुंबईचे बी. बी. नागरकर हेही बोलले. भारतातील समाजसुधारणा हा त्यांचा विषय होता.

राजा रविवर्मा यांनी प्रदर्शनासाठी भारताच्या विविध प्रांतांतील स्त्रीजीवन दाखवणारी दहा तैलचित्रे पाठवली आणि ती पुरस्कारप्राप्त ठरली. रविवर्मांची इतर काही मूळ चित्रे सातारा जिल्ह्यातील औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात पाहता येतात. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी हे संग्रहालय 1938 मध्ये उभारले.