विजयदुर्गावरचा साहेब आणि जेऊरचं ग्रहण

आजचा भाग एका सिनेमापासून सुरू करू. 'आइन्स्टाईन अँड एडिंग्टन' हा बीबीसीचा २००८ चा सिनेमा. डेव्हिड टेनंट झालाय एडिंग्टन आणि अँडी सर्किस, म्हणजे आपला गोलम, झालाय आइन्स्टाईन. पहिलं महायुद्ध सुरू आहे, एक शास्त्रज्ञ इंग्लंडमध्ये, दुसरा बर्लिनमध्ये, आणि दोघांचे देश एकमेकांवर तोफा डागतायत. सूर्याजवळून जाताना ताऱ्यांचा प्रकाश वाकतो, असं आइन्स्टाईनचं गणित सांगतं. ते तपासायचं तर खग्रास ग्रहण लागतं. म्हणून एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर जातो, २९ मे १९१९ च्या ग्रहणासाठी.

सिनेमा मस्त आहे, बघाच. पण सिनेमाला एक हिरो लागतो आणि 'सापडलं!' असा एक क्षण लागतो. प्रत्यक्षात प्रिन्सिपेवर ढगांमुळे एडिंग्टनच्या १६ फोटोंपैकी कामाचे निघाले दोन. चांगले फोटो मिळाले ब्राझीलमधल्या सोब्रालला गेलेल्या दुसऱ्या टीमला. त्या टीममधल्या एकाचंही नाव आपल्याला पाठ नसतं.

आता म्हणाल, सोलापूरचा पोरगा हे का सांगतोय? तर अशाच एका ग्रहणाचा सिनेमा आपण मराठी लोकांनी कधीच बनवलाय. तो थिएटरमध्ये लागत नाही, व्हॉट्सॲपवर फिरतो. दर १८ ऑगस्टला येतो. कथा अशी: १८६८ साली या दिवशी लॉकयर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास ग्रहण पाहिलं आणि हेलियमचा शोध लावला. किल्ल्यात आजही 'साहेबाचे कट्टे' आहेत. खाली तिरंगा, हात जोडलेली इमोजी, 'प्रत्येक मराठी माणसाला माहीत हवं'.

अडचण एवढीच, की त्या दिवशी लॉकयर भारतात नव्हता.

तो लंडनमध्ये होता. युद्ध खात्यात कारकुनी करायचा आणि उरलेल्या वेळात आकाश बघायचा. म्हणजे दिवसा नोकरी आणि रात्री साइड प्रोजेक्ट. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला ग्रहणाशिवायही दिसल्या पाहिजेत, असं त्याच्या डोक्यात होतं. त्यासाठी चांगला स्पेक्ट्रोस्कोप हवा होता. स्पेक्ट्रोस्कोप म्हणजे प्रकाशाची फोड करून त्यातल्या रंगीत रेषा दाखवणारं यंत्र. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या, अगदी अंगठ्याच्या ठशासारख्या. लॉकयरने ऑर्डर दिलेला स्पेक्ट्रोस्कोप आला ऑक्टोबर १८६८ मध्ये, ग्रहण होऊन दोन महिने झाल्यावर. २० ऑक्टोबरला लंडनमध्ये बसून त्याने ज्वालांचा वर्णपट पाहिला.

मग १८ ऑगस्टला आपल्याकडे कोण होतं? बरेच जण होते, आणि मला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. सावलीचा पट्टा भारत आडवा कापून गेला. बेळगावकडच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होता, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू. सोलापूरपासून शंभर किलोमीटरवरच्या विजापुरात कॅप्टन हेग होता. मछलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचा पॉगसन. वनपर्तीला त्याच वेधशाळेचे चिंतामणी रघुनाथाचारी. गुंटूरला मेजर टेनंट (योगायोग बघा, सिनेमातल्या एडिंग्टनचं आडनावही तेच) आणि तिथेच फ्रेंच शास्त्रज्ञ यान्सेन. सयाममध्ये तर राजा मोंगकुटने स्वतः गणित करून ग्रहण नेमकं वर्तवलं होतं. त्यासाठी तो दलदलीच्या भागात गेला, ग्रहण पाहिलं, आणि तिथे जडलेल्या मलेरियाने १ ऑक्टोबरला वारला. आता यावर सिनेमा काढा की राव.

ऑगस्ट म्हणजे पावसाळा. जमखंडीत ढगांच्या फटीतून हर्शेलला तीन रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी, निळी. विजापुरात हेगला दोन चमकदार पट्टे दिसले, एक लालसर आणि एक फिकट सोनेरी. हीच ती पिवळी रेषा, हेलियमची! पण ती पाहून कुणीही उडी मारली नाही, कारण पिवळी रेषा म्हटलं की सगळ्यांना आठवायचं सोडियम. सोडियमची पिवळी रेषाजोडी आणि ही रेषा एकमेकींना इतक्या चिकटून आहेत, की हलत्या ढगांत, काही मिनिटांत, त्या काळच्या यंत्राने फरक पकडणं अवघड. सोडियमची ५८९ नॅनोमीटरच्या आसपास, ही ५८७.५ ला. कोड लिहिणाऱ्यांना कळेल: लॉगमध्ये एरर समोर दिसतोय, पण तो ओळखीच्या बगसारखा दिसतो म्हणून आपण पुढे स्क्रोल करतो.

यान्सेनची गंमत वेगळीच. ज्वालांच्या रेषा एवढ्या ठळक दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर त्याने करून पाहिलं, आणि दिसल्या. लॉकयरच्या दोन महिने आधी. पण तेव्हा मेल नव्हता. त्याचं पत्र बोटीने पॅरिसला पोचलं आणि विज्ञान अकादमीत त्याच दिवशी लॉकयरचीही बातमी येऊन थडकली, २६ ऑक्टोबर १८६८ ला. भांडण न करता दोघांना मिळून श्रेय दिलं गेलं. पुढे १८७२ मध्ये फ्रेंच सरकारने पदक काढलं, त्यावर दोघांचे चेहरे आहेत. (हाच यान्सेन १८७० मध्ये वेढा पडलेल्या पॅरिसमधून बलूनमधून निसटला, कशासाठी? अल्जीरियात ग्रहण बघायला. तिथे पोचला आणि ढग आले.)

नीट लक्षात घ्या, हे श्रेय होतं ग्रहणाशिवाय ज्वाला बघण्याच्या पद्धतीचं. हेलियम अजून कुणी 'शोधलेला' नव्हता. ही पद्धत हातात आल्यावर घाई संपली. लॉकयरने निवांत मोजमाप केलं आणि ठरवलं, की पिवळी रेषा सोडियमची नाही. मग रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंडच्या मदतीने हायड्रोजनमधून ती रेषा काढायचा प्रयत्न झाला. निघाली नाही. पृथ्वीवर नसलेलं मूलद्रव्य सूर्यावर आहे, हे फ्रँकलंडलाही पटेना. 'हेलियम' नाव १८७१ पर्यंत चर्चेत आलं. शेवटचं 'इयम' धातूंना लावतात, म्हणजे नाव ठेवतानाही चुकलंच होतं, तो निघाला वायू. पृथ्वीवर तो हाती लागला १८९५ मध्ये, विल्यम रॅमसेला, युरेनियमच्या एका खनिजात. तो शोधत होता आर्गॉन. पिवळी रेषा दिसल्यापासून २७ वर्षं गेली होती.

आता मुद्द्याचा प्रश्न. लॉकयर विजयदुर्गावर नव्हता, तर साहेब कुठून आला?

साहेब आला, पण तीस वर्षं उशिरा. २२ जानेवारी १८९८ ला भारतात आणखी एक खग्रास ग्रहण झालं. तेव्हा सर नॉर्मन लॉकयर, आदल्याच वर्षी 'सर' झालेला, साठीतला, खरोखर विजयदुर्गावर तळ टाकून होता. 'मेलपोमीन' या आरमारी बोटीचे अधिकारी आणि खलाशी त्याच्या मदतीला होते. म्हणजे माणूस खरा, किल्ला खरा, ग्रहणही खरं, फक्त दोन ग्रहणं एकत्र झाली. एडिटरने दोन सीन जोडून टाकले. आणि तो तिथे आला तेव्हा हेलियम प्रयोगशाळेच्या बाटलीत येऊन तीन वर्षं झाली होती.

आणि हे जोडकाम करताना जो सीन कापला गेला, तो आपल्या जिल्ह्यातला आहे.

विजयदुर्गावरून निघालेली सावली त्या दुपारी काही मिनिटांत जेऊरवरून गेली. जेऊर म्हणजे करमाळा तालुक्यातलं, पुण्याला जाताना कुर्डुवाडीनंतर लागतं ते स्टेशन. जानेवारीतलं आपलं कोरडं आभाळ आणि दारात रेल्वे, जड यंत्रं घेऊन येणाऱ्याला अजून काय पाहिजे? जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे (आजचं सीओईपी) प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आले. पुण्यात त्यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली होती. तिथली २० इंची दुर्बीण त्या काळी भारतातली सगळ्यात मोठी. जेऊरच्या माळावर ग्रहण जेमतेम दोन मिनिटांचं, आणि त्यात त्यांनी सूर्याच्या कडेचे आणि करोनाचे वर्णपट टिपले. १८६८ मध्ये रेषा डोळ्याने बघून आठवणीवर लिहावं लागत होतं, आता त्या फोटोच्या काचेवर उतरत होत्या. काळ कसा होता? मुंबईत प्लेग, पुण्यात प्लेग, आणि रँडच्या खुनाला पुरते सात महिनेही झाले नव्हते.

जेऊरलाच दुसरा तळ होता अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा. प्रमुख विल्यम कॅम्पबेल, वय ३५. सोबत पत्नी एलिझाबेथ, आणि सामानात ४० फूट लांबीचा कॅमेरा. जवळपास तीन-चार मजली इमारतीएवढा! त्या माळावर मोठे मोठे करोनाचे फोटो निघाले.

हे कॅम्पबेल नाव लक्षात ठेवा, कारण आता परत आइन्स्टाईनकडे जायचंय. हाच माणूस १९१४ मध्ये आइन्स्टाईनचं गणित तपासायला रशियात कीव्हजवळ गेला. ढग. वर युद्ध पेटलं आणि यंत्रं तिथेच अडकली. १९१८ मध्ये अमेरिकेत ग्रहण झालं, तेव्हा उसन्या भिंगांवर काम भागवावं लागलं आणि निकाल खात्रीचा येईना. १९१९ मध्ये एडिंग्टन हिरो झाला, पेपरांत मथळे आले, पण बऱ्याच शास्त्रज्ञांच्या मनात शंका राहिली. मग १९२२ मध्ये कॅम्पबेल ऑस्ट्रेलियातल्या वॉलल नावाच्या ओसाड किनाऱ्यावर गेला. आइन्स्टाईनने सांगितलेला प्रकाशाचा वाक १.७५ सेकंद, म्हणजे अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातले पावणेदोन. सोब्रालचा आकडा होता १.९८, प्रिन्सिपेचा १.६१. कॅम्पबेलचा आला १.७२. १९२३ मध्ये त्याने आइन्स्टाईनला तार केली.

चोवीस वर्षांआधी हा माणूस आपल्या करमाळ्यात उन्हात उभा होता.

मला राग फॉरवर्डच्या खोटेपणाचा तितका येत नाही. राग येतो तो त्या एका साहेबापायी नायगमवाला दिसेनासे होतात याचा. अभिमानच बाळगायचा तर लंडनच्या माणसाला किल्ल्यावर नेऊन बसवण्यापेक्षा पुण्याहून यंत्रं घेऊन जेऊरला आलेला प्राध्यापक जास्त आपला नाही का? विजयदुर्गाला १८९८ चा खरा इतिहास आहे, तो काय कमी आहे?

नायगमवालांचा जेऊरचा अहवाल १९०२ मध्ये छापून आला, पुण्याच्या वेधशाळेच्याच नावाने. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि यंत्रं कोडाईकनालला गेली. ती २० इंची दुर्बीणही गेली. आता तिला म्हणतात 'भावनगर दुर्बीण'.