दिनविशेष : १९ जून २००९ – पोलीस ठाणी जोडण्याचा निर्णय

मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्याला सात महिनेही झाले नव्हते. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने आजच्याच दिवशी ‘क्राइम अँड क्रिमिनल ट्रॅकिंग नेटवर्क अँड सिस्टीम्स’ (सीसीटीएनएस) योजनेला मंजुरी दिली. तरतूद २,००० कोटी रुपयांची. देशभरातली पोलीस ठाणी एका संगणकीय जाळ्यात आणायची, हा हेतू. सूत्रधार नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरो.

मोर्शीसारख्या सीमेवरच्या तालुक्याला याचं मोल अधिक. सालबर्डी ओलांडली की मध्य प्रदेशचा बैतूल जिल्हा लागतो. मोर्शीच्या बाजारातून चोरीला गेलेली मोटारसायकल तिकडे बेवारस सापडली, तर पूर्वी बिनतारी संदेश आणि पत्रव्यवहारावरच भिस्त असे. आता इंजिन आणि चेसिस नंबर टाकून पलीकडच्या ठाण्यालाही नोंद शोधता येते. मात्र इथे नंबरातला एक आकडा चुकला, तरी शोध फसतो. म्हणून ठाण्यात नोंद चढवणाऱ्या अंमलदाराचं काम तपासाइतकंच महत्त्वाचं.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर २४ तासांत ऑनलाइन टाकण्याचा आदेश दिला. नंबरातला आकडा चुकू नये म्हणून, मोर्शीकरांनो, गाडीची तक्रार देताना आरसी बुक सोबत न्या आणि नोंदलेले नंबर स्वतः वाचून पाहा.