स्वमग्न आणि स्वतःचा देह

एखादा शब्दही माणसावर अन्याय करतो. 'स्वमग्न' हा तसाच शब्द होय. ग्रीक भाषेतील 'स्वतः' या अर्थाच्या शब्दावरून स्विस वैद्य ब्लॉयलर यांनी 'ऑटिझम' हे नाव वेगळ्याच विकारासंबंधी योजिले होते. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करताना ते वापरले. पुढे कित्येक वर्षे दोष आईच्या माथी मारला गेला. अशाच एका मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ साली तो आरोप पुराव्यानिशी खोडून काढला.

पण स्वतःत बुडालेला म्हणविणाऱ्याला स्वतःच्या देहाची खबर तरी नीट मिळते काय? भूक, तहान, लघवीची निकड, छातीतील धडधड ही आतली वार्ता कित्येकांना अंधुक पोचते, तर काहींना असह्य वाटते. मूल जेवत नाही, एकाएकी किंचाळते. आपण त्याला हट्ट म्हणून मोकळे होतो.

ही वार्ता ऐकण्याची विद्या आपल्या भूमीला नवी नाही. देह आणि वेदना यांकडे सजगतेने पाहा, ही बुद्धाची शिकवण. ब्रह्मदेशाचे महालेखापाल ऊ बा खिन आपल्या कचेरीतील नोकरांनाही ती शिकवीत. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली मुंबईत शिबिर घेतले. १९७६ साली इगतपुरीस केंद्र उभे राहिले. १९७९ पासून जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत रुग्णांसाठी सजगतेचे वर्ग चालविले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच प्रयोगात अशा शिक्षणाने स्वमग्न प्रौढांची चिंता व खिन्नता कमी झाल्याचे आढळले. प्रयोग लहान होता. त्यास रामबाण समजू नये. स्वमग्नता हा बरा करावयाचा रोगही नव्हे.

मुलाला डोळे मिटून स्वस्थ बसविण्याचा अट्टाहास तर मुळीच नको. तळपायाला फरशी गार लागते काय, धावल्यावर छातीत काय होते, एवढेच विचारावे. त्याला नको असेल तेव्हा थांबावे. बोलता येत नसेल तर चित्रावर बोट ठेवू द्यावे.

कामगार चळवळीने आम्हांला शिकविले की, दुखणे सांगता आले तरच मागणी करता येते. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या कायद्याने हक्क अधिक स्पष्ट झाले. पण कायदा घरात येऊन मुलाची विचारपूस करीत नाही. 'तुला कोठे दुखते?' असे विचारून उत्तराची वाट पाहणारी माणसे अंबडच्या प्रत्येक गल्लीत हवीत. ते काम तुमचे-आमचे आहे.